पेशंटशी बोलायचा सराव एआयच्या आवाजावर करून घ्यावा का? नर्सिंगच्या मुलामुलींसाठी विचारतेय

ट्यूटर_मिरज

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुलामुलींना शिकवते. त्याआधी फीमेल मेडिसिन आणि कॅज्युअल्टीत ड्युट्या केल्यात. प्रश्न असा आहे की पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलायचा सराव मोबाइलवरच्या बोलत्या एआयसोबत करून घ्यावा का? एआय पेशंट होतो, मुलगी सिस्टर होते, दोघं मराठीत बोलतात. आमच्याकडं याची चर्चा सुरू आहे आणि मला तिथं ठाम मत द्यायचंय.

आधी अडचण सांगते. आमच्या मुली सलाईन व्यवस्थित लावतात, औषधांचे डोस त्यांना तोंडपाठ असतात. पण “आजी, तुम्ही गोळ्या का बंद केल्या?” हे विचारायची वेळ आली की आवाज एकतर इतका बारीक होतो की आजीलाच ऐकू जात नाही, नाहीतर एकदम चढतो. वर्गात रोल प्ले घेतो, पण पेशंट झालेली असते ती रूममेट. पहिल्याच वाक्याला हसू फुटतं आणि पुढचं उत्तर दोघींना आधीच माहीत असतं. बी.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश ठेवलंय. असू दे, पुढं उपयोगी पडतं. पण आमच्या ओपीडीच्या रांगेत जत, कवठेमहांकाळ, तासगावची माणसं असतात, अथणीकडचीही असतात. कर्नाटकातून माणसं मिरजेला उपचाराला येतात ही काही आजची गोष्ट नाही, इथलं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं आहे. या माणसांशी कसं बोलायचं, ते कुठल्या तासाला शिकवतात?

पद्धत नवी नाही. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनं १९६३ साली अमेरिकेत धडधाकट माणसाला पेशंटचं काम शिकवून विद्यार्थ्यांपुढं बसवलं, तिथून हे सुरू झालं. पण त्याला माणूस लागतो, त्याची तयारी करून घ्यावी लागते, मानधन द्यावं लागतं. आमच्यासारख्या ठिकाणी एकेका मुलीला असा पेशंट मिळणं अवघड.

म्हणून मी स्वतः करून बघितलं. पासष्टीच्या बाई, गावाकडून आल्यात, छातीत दुखतंय, एवढं एआयला सांगितलं. तो म्हणाला, “सिस्टर, मला छातीत डाव्या बाजूला तीव्र वेदना होत असून त्या डाव्या हातापर्यंत जात आहेत.” असं बोलणारी आजी मी तरी वॉर्डात बघितलेली नाही. आमची आजी म्हणते, “काय न्हाई गं बाई, जरा कसंतरी हुतंय.” तिथंच थांबते. त्या कसंतरीमागं हार्ट ॲटॅक असू शकतो, साखर उतरलेली असू शकते, पित्त असू शकतं, सकाळी सुनेशी झालेली वादावादीही असू शकते. पुढं काय विचारायचं हेच तर शिकवायचंय. घाम सुटला का, साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलात का, चाललं की वाढतं का, कुठं होतंय ते हात लावून दाखवा. आजीनंच पहिल्या वाक्यात सगळं सांगून टाकलं तर मुलीनं करायचं काय?

दुसरं म्हणजे त्याला सगळं लगेच पटतं. “गोळ्या वेळेवर घ्या” म्हटलं की “हो सिस्टर, आता नक्की घेईन, धन्यवाद.” आमच्याकडंही लोक हो म्हणतात, पण सिस्टरपुढं नाही कसं म्हणायचं म्हणून. टीबीच्या गोळ्या सुरू केलेली बाई मान डोलावून घरी जाते आणि लघवी लाल झाली की घाबरून गोळ्या बंद करते. रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लालसर होते आणि त्यात भिण्यासारखं काही नाही, हे तिला आधी सांगितलं पाहिजे आणि तिला ते कळलं का हे तिच्याच तोंडून ऐकलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांचा कोर्स महिनाभरातच तुटतो.

पण एक गोष्ट मनापासून आवडली. आमच्या बॅचमधली एक अतिशय अबोल मुलगी फोनसमोर बोलली. अडखळली, थांबली, परत पहिल्यापासून सुरू केलं. वर्गात हजेरीच्या “येस मॅम”पलीकडं तिचा आवाज मी ऐकला नव्हता. एवढ्याचसाठी हे सोडून द्यायला माझं मन तयार नाही.

कोणी वापरलंय का? पेशंट खरा वाटावा म्हणून काय करता येईल? आणि यावर मार्क द्यावेत का?

इनचार्ज_सातारा

ताई, मी साताऱ्यात सर्जिकल वॉर्डची इनचार्ज आहे. बेडजवळचं बोलणं फोनवर शिकवू नका, हे माझं स्पष्ट मत. बेडजवळ निम्मं काम हात आणि डोळे करतात. पडदा ओढायचा, स्टूल घेऊन पेशंटच्या नजरेच्या उंचीला बसायचं, चार नातेवाइकांतल्या तिघांना दोन मिनिटं बाहेर थांबवायचं. आवाजाच्या यंत्राला यातलं काही दिसत नाही. मुलगी पायथ्याशी उभी राहून, केसपेपरात बघत गोड बोलली तरी ते तिला छान म्हणेल.

पण आपल्या कामात नुसता आवाजच असतो अशा जागा आहेत, आणि त्या कोणी शिकवत नाही. रात्री दोनला ऑन-कॉल सरांना केलेला फोन घ्या. नवी मुलगी काय बोलते ते मी कितीदा ऐकलंय. “सर, पेशंट बरा वाटत नाहीये.” “म्हणजे काय?” “बीपी कमी आहे सर.” “किती?” “बघून सांगते सर.” फोन बंद. मग परत लावायचं धाडस होत नाही आणि तासभर जातो.

यासाठी एसबीएआर आहे, तुम्ही शिकवतच असाल. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी, या क्रमानं बोलायचं. मूळ अमेरिकन नौदलातलं, मग कैसर पर्मनंटे या तिथल्या रुग्णालयांच्या संस्थेनं वैद्यकीय कामात आणलं. आपल्या मराठीत ते असं येतं: “सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड सात, काल दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालेले काका. पल्स १२४, बीपी ९० बाय ६०, संध्याकाळपासून युरोबॅगमध्ये लघवी जेमतेम ५० एमएल. पोट फुगलंय, हातपाय गार लागतायत. आतून रक्तस्राव होत असावा अशी मला शंका आहे. तुम्ही येऊन बघावं असं वाटतं. तोवर काय सुरू करू?”

हे कागदावर सगळ्यांना येतं. झोपमोड झालेला, तुटक बोलणारा डॉक्टर पलीकडं असला की शेवटची तीन वाक्यं गळून पडतात. एआयला तो डॉक्टर करा. पहिल्यांदा “सकाळी राउंडला बघू” असंच म्हणायला लावा. मुलीनं फोन न ठेवता “सर, सकाळपर्यंत थांबता येईल असं मला वाटत नाही” हे दुसऱ्यांदा म्हणायचं. तो दुसरा प्रयत्न तोंडात बसेपर्यंत सराव करून घ्या. यात माणसाचा चेहरा लागतच नाही.

दुसरी जागा म्हणजे डिस्चार्जनंतरचा फोन. इन्सुलिनवर घरी गेलेल्या पेशंटला काय विचारायचं? “घेताय ना?” असं विचारलं तर उत्तर “हो” येणार. बाटलीवर ४० लिहिलंय का १०० (म्हणजे एका एमएलमध्ये किती युनिट), सिरींजचं टोपण लाल आहे का केशरी, हे विचारलं पाहिजे. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी. गावातल्या दुकानात मिळाली ती सिरींज घेतली आणि १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरींजच्या खुणांवर भरलं, तर डोस अडीचपट होतो आणि माणूस घामाघूम होऊन पडतो. “बाटली कुठं ठेवता?” हेही विचारायचं. घरी फ्रीज नाही हे लोक लाजेनं सांगत नाहीत, शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवतात आणि शेजारी गावाला गेले की इन्सुलिन बंद. माठाच्या गारव्यात ठेवता येतं हे सांगायला सिस्टरनं आधी विचारायला तर हवं. असा पेशंट एआयला नक्की करता येईल.

घरच्यांना वाईट बातमी द्यायचा फोन मात्र यंत्रावर शिकवू नका. तो मी मुलींना शेजारी बसवून शिकवते.

विश्रामबागकर

ट्यूटर ताई, नमस्कार. मी सांगलीचाच, आवाजाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आईच्या आजारपणात मिरजेचे वॉर्ड जवळून बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यात साधारण तीन टप्पे असतात. तुमचा आवाज अक्षरांत उतरवणं, त्यावर भाषेच्या मॉडेलनं उत्तर तयार करणं, ते उत्तर परत आवाजात बोलणं. काही नवी मॉडेलं हे एकाच टप्प्यात करतात. तुम्हाला आलेले दोन्ही अनुभव मधल्या टप्प्यातले आहेत. ही मॉडेलं मुळात मदतनीस म्हणून घडवलेली असतात, त्यामुळं पेशंट झाली तरी समोरच्याला मदतच करत सुटतात. सगळी माहिती आपणहून देतात, सगळं लगेच मान्य करतात. त्यांना अडवायचं तर सूचना तशी लिहावी लागते. “टीबीचा पेशंट हो” एवढं पुरत नाही. असं काहीतरी लिहून बघा:

“तू पेशंट आहेस, मदतनीस नाहीस. हिराबाई, वय ६७, तासगाव तालुका. मुलगा द्राक्षबागेत, सून घरी. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. लघवी लाल झाली म्हणून आठ दिवसांपूर्वी बंद केल्या. हे आपणहून सांगायचं नाही. गोळ्या घेता का असं विचारलं तर ‘घेते की’ म्हणायचं. पाकिटात किती उरल्यात, काल कधी घेतली असं नेमकं आणि न रागावता विचारलं तरच खरं सांगायचं. सिस्टर ओरडली तर हो-हो म्हणून विषय संपवायचा. शेजारणीला आजार कळेल याची भीती आहे. एका वेळी एक-दोन वाक्यं. डॉक्टरी शब्द नाहीत. मध्येच सिस्टरला शिकवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही.”

सगळ्यात जास्त फरक पडतो तो “न रागावता विचारलं तरच” या अटीनं. मुलीच्या बोलण्यावर पेशंटचं उघडणं अवलंबून राहतं, आणि मुलीला ते तिथल्या तिथं कळतं.

दुसरा मुद्दा शांततेचा. आपण बोलायचं थांबलो हे यंत्र शांततेवरून ओळखतं. ही मर्यादा बऱ्याचदा अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवलेली असते. रोजच्या गप्पांना ते चालतं; दहा भाषांवरच्या २००९ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला माणसं सरासरी सेकंदाचा पाचवा भागच घेतात. पण घाबरलेली विद्यार्थिनी शब्द शोधत थांबते तेवढ्यात यंत्र मध्ये पडतं. उलट बाजूनंही तेच. वॉर्डातली आजी प्रश्नानंतर कितीतरी वेळ गप्प बसते, एआय आजी लगेच बोलते. त्यामुळं थांबून ऐकायची सवय मोडायची भीती आहे. जिथं बटण दाबून बोलायची सोय असेल तिथं ती वापरा, नाहीतर शांततेची मर्यादा वाढवून घ्या.

बोलीचं सांगायचं तर सूचनेत “हुतंय, न्हाई, व्हय” असे नमुने दिले की शब्द येतात, पण सूर बातम्या वाचल्यासारखाच राहतो. तासगावची चाल त्यात येत नाही. आणि बोलीतलं ऐकताना यंत्र चुकीचं लिहितं. म्हणूनच मार्क अजिबात देऊ नका. गावाकडच्या वळणानं बोलणाऱ्या मुलीचे मार्क यंत्राच्या कानामुळं कापले जातील, आणि पेशंटशी सगळ्यात चांगली बोलणारी तीच असण्याची शक्यता जास्त.

खऱ्या पेशंटचं नाव, केसपेपर, गाव यातलं काही त्यात घालू नका. मुलींचा आवाज हासुद्धा त्यांचा वैयक्तिक डेटा आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. रेकॉर्डिंग कुठं साठतं ते आधी विचारा आणि मुलींची लेखी संमती घ्या.

जतची_स्टुडंट

मॅडम, मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या कॉलेजची नाही. आमच्या घरी कन्नड बोलतात, शाळा मराठीत झाली, आता पुस्तकं इंग्रजीत आहेत. पहिल्या पोस्टिंगला मी पेशंटजवळ जायचे, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायचे आणि न बोलता परत यायचे.

आमच्या सिस्टर ट्यूटरनी एकच वाक्य दिलं होतं, औषधं समजावून झाली की विचारायचं: “घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल, मला सांगा बघू.” मी हॉस्टेलवर इअरफोन लावून हेच वाक्य एआयला पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. कधी तपासणीसारखं वाटायचं, कधी ओरडल्यासारखं. नंतर रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं की मी ‘मला’वर जोर देत होते. तो काढला.

मग वॉर्डात एका आजींना खरंच विचारलं. त्या आधी सगळ्याला व्हय-व्हय म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, “सांगते की. ही तांबडी सकाळी. आणि ही पांढरी…” आणि पाकीट हातात धरून माझ्याकडं बघायला लागल्या. पांढऱ्या गोळ्या दोन वेगळ्या होत्या, एक जेवणाआधी आणि एक झोपताना, आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी एका पाकिटावर पेनानं ताट काढलं आणि दुसऱ्यावर चंद्र. त्यांनी परत सांगून दाखवलं, आता बरोबर. इनचार्ज सिस्टरनी ते बघितलं आणि काही न बोलता मला दुसरा पेन दिला.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती कोणी लिहिली नाही. आम्हाला “चिडलेला नातेवाईक” हा प्रसंगही दिला होता. मी रात्री एकटीनं केला. तो आवाज जोरजोरात “डॉक्टर कुठाय, माझ्या बापाला काय झालं तर तुला सोडणार नाही” असं बोलायला लागला. खोटं आहे हे माहीत असून माझे हात थरथरायला लागले. बंद केलं, पण झोप लागली नाही आणि रूममेट नाइटला होती. हा प्रसंग एकटीला देऊ नका, प्लीज.

वाईकर

वडील बायपास होऊन आले तेव्हा आयसीयूबाहेर बसलो होतो. एक सिस्टर बाहेर येऊन म्हणायच्या, “नवीन काही नाही, पण विसरले नाही हे सांगायला आले.” डॉक्टरांनी काय सांगितलं ते फारसं आठवत नाही, हे आठवतं. असं बोलायला शिकवता आलं तर जरूर शिकवा.

ट्यूटर_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

साताऱ्याच्या ताई, तुमचं म्हणणं पटलं. सुरुवात फोनच्याच प्रसंगांनी करणार: ऑन-कॉल डॉक्टरला रात्रीचा फोन आणि इन्सुलिनच्या पेशंटला डिस्चार्जनंतरचा फोन. लाल आणि केशरी टोपणाच्या सिरींजा मुलींच्या हातात देऊनच तो तास घेईन, म्हणजे त्या काय विचारतायत ते त्यांना डोळ्यांपुढं दिसेल. बेडजवळचं बोलणं वॉर्डातच, माझ्या किंवा इनचार्जच्या समोर.

मार्क नाहीत, हे नक्की. रेकॉर्डिंग मुलीनं आधी स्वतः ऐकायचं आणि तिला वाटलं तर माझ्याजवळ आणायचं. ऐकताना मी दोनच गोष्टी बघणार आहे: पेशंट बोलत असताना ती मध्ये बोलली का, आणि पेशंटच्या तोंडून परत ऐकलं का. बाकीचं हळूहळू.

जतच्या बाळा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. चिडलेल्या नातेवाइकाचा प्रसंग आता कोणालाही एकटीनं, रात्री, हॉस्टेलवर करायला दिला जाणार नाही, निदान आमच्याकडं तरी. डॉक्टर-नर्सवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, अशा २०१० च्या कायद्याच्या पाट्या हॉस्पिटलांतून लावलेल्या असतात. पण ओरडणाऱ्या माणसासमोर उभी असलेल्या मुलीच्या पाठीशी त्या क्षणी माणूस लागतं. म्हणून हा सराव दिवसा, मी खोलीत असताना होईल, आणि सरावाला जेवढा वेळ देऊ त्याच्या दुप्पट वेळ नंतर बसून बोलायला ठेवेन. आवाज चढला की पुढं बोलायचं नाही, सिक्युरिटीला आणि इनचार्जला बोलवायचं, हेसुद्धा त्यातच शिकवणार. सहन करत राहणं हे नर्सचं कौशल्य आहे असं मुलींच्या मनात मला जाऊ द्यायचं नाही. आणि तुझं ताट-चंद्र मी वर्गात सांगणार आहे, चालेल ना?

विश्रामबागकर दादा, हिराबाईंची सूचना वापरून बघितली. “घेते की” असं म्हणून त्या गप्प बसल्या आणि मुलगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मला हेच हवं होतं. आमच्या वॉर्डातल्या रिटायर झालेल्या मावशींना बोलावलंय. पेशंट कसे बोलतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. त्यांच्याकडून प्रसंग आणि तोंडची वाक्यं लिहून घेते. त्या कामाचे त्यांना पैसे मिळावेत असं संस्थेला पत्र दिलंय.

आता एकच अडलंय. अथणी, जत भागातल्या बायका आजारपणाबद्दल घरात कन्नडमध्ये कशा बोलतात, ते आमच्यापैकी कोणाला नीट येत नाही. कानडी पुस्तकातलं नकोय, घरातलं हवंय. कळ, चक्कर, मळमळ, कसंतरी होणं, पाळीच्या तक्रारी, आणि सिस्टरला सांगायला लाज वाटते अशा गोष्टी. इथं कोणी असेल तर देवनागरीत लिहून पाठवलं तरी चालेल. पुढची बॅच वॉर्डात जायच्या आत मला ते प्रसंग तयार करायचेत.